शोधणारा घाईत असतो

माझ्या फोनमध्ये एकेकाळी अकरा हजार फोटो होते आणि हवा तो एकही वेळेवर सापडायचा नाही. त्यात आधार कार्ड होतं, आईच्या रक्ताचे रिपोर्ट होते, नववीच्या मुलांचे नकाशे होते आणि उरलेले सगळे लोकांनी पाठवलेले 'शुभ सकाळ'चे गुलाब. मी भूगोल शिकवणारी बाई. विषुववृत्त कुठून जातं ते डोळे मिटून दाखवीन, पण स्वतःचं पॅन कार्ड कुठे आहे ते विचारू नका. आज मात्र बँकेतल्या मुलीनं एक कागद मागितला आणि तिनं मान वर करायच्या आत मी तो तिच्यापुढे धरला. "मॅडम, एवढं फास्ट कुणी देत नाही," ती म्हणाली. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात ढमढेरेकाका होते.

ढमढेरेकाका खडकीला आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहायचे. त्यांची सगळी नोकरी एका जुन्या कारखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली. यंत्रांची ड्रॉइंगं, कामगारांच्या फायली, कुठल्या कुठल्या साहेबांचे जुने हुकूम, हे सगळं सांभाळायचं आणि कुणी मागितलं की काढून द्यायचं. बुटकी मूर्ती, बारा महिने अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं आणि एक आखूड झालेली पेन्सिल. पेन्सिल संपत आली की ते तिला कागदाची गुंडाळी करून लांब करायचे. रिटायर होऊन दहा वर्षं झाली तरी सकाळी नऊ वाजता चपला घालून दारात उभे राहायचे, आणि मग आठवण झाल्यासारखे परत आत जायचे.

आमची ओळख झाली झेरॉक्सच्या दुकानात. मी काउंटरवर उभी राहून फोनमधले फोटो अंगठ्यानं वर ढकलत होते, मागे रांग वाढत होती. तेवढ्यात पाठीमागून अगदी शांत आवाज आला.

"सावकाश शोधा बाई. दुकान साडेआठला बंद होतं. आत्ताशी साडेसहा झालेत."

मी वळून एक जळजळीत नजर टाकली. आधार कार्ड सापडलं, प्रती निघाल्या, आणि मी पायऱ्या उतरले तर हे गृहस्थ माझ्या बरोबरीनं चालायला लागले.

"सापडलं ना? नाव काय आहे त्याचं?"

"कुणाचं?"

"त्या फोटोचं."

मी फोन दाखवला. तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे आकड्यांची शेपटी. काकांनी चष्मा कपाळावर घेऊन ती शेपटी शेवटपर्यंत वाचली. "हे नाव कॅमेऱ्यानं ठेवलंय," ते म्हणाले. "कॅमेऱ्याला तुमचं आधार कार्ड कशाला लागणार आहे? लागणार तुम्हाला. मग नाव तुम्ही ठेवायला नको?"

नावं ठेवण्यात आम्ही पुणेकर कुणाला ऐकत नाही, पण अशी नावं ठेवायला सांगणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटत होता. पुढच्या रविवारी सकाळी दहाला ते माझ्या घरी हजर झाले. स्वतःची पाण्याची बाटली घेऊन. चहा नको म्हणाले, आणि नंतर दोन कप प्यायले.

त्यांची शिकवण्याची पद्धत और होती. कॉम्प्युटरला हात लावायचे नाहीत. हात पाठीमागे बांधून खुर्चीमागे उभे राहायचे आणि एकेका कागदाची उलटतपासणी घ्यायचे. "हा तुम्हाला शेवटचा कधी लागला? कुणी मागितला? काय म्हणून मागितला?" मी सांगायची, "शाळेतल्या क्लार्कनं मागितलं. म्हणाला, ते तुमचं रुजू झाल्याचं द्या." की लगेच काका म्हणायचे, "मग टाका, 'शाळेत रुजू झाल्याचं पत्र'. तुम्ही 'अपॉइंटमेंट फायनल न्यू दोन' टाकलंय. दोन काय? एक कुठंय?"

एक कुठे होतं ते मलाही माहीत नव्हतं. पन्नाशीला आलेल्या बाईला असं खुर्चीत बसवून विचारलं की फार लाज वाटते. पण त्यांच्या बोलण्यात कुचकेपणा नसायचा. त्यांना माझ्या पसाऱ्याचं मनापासून वाईट वाटायचं, आजारी माणूस बघून वाटतं तसं.

"ठेवणारा निवांत असतो हो," ते समजावायचे. "दुपारी जेवून बसलेला असतो. त्याला काहीही हुशारी सुचते. शोधणारा घाईत असतो. कधी रडत असतो, कधी दवाखान्याच्या काउंटरवर असतो. त्या वेळी त्याच्या तोंडात जो शब्द येईल, तोच कागदावर पाहिजे."

'इतर' या नावाच्या फोल्डरचा त्यांना मनस्वी राग. माझ्याकडे तसे चार होते. "ज्याला इतर म्हटलं तो कागद मेला समजा," म्हणायचे आणि चारही रिकामे होईपर्यंत उठले नाहीत. फोल्डरच्या पोटात फोल्डर घालायलाही त्यांची बंदी होती. माळ्यावर ट्रंक, ट्रंकेत पेटी, पेटीत डबा, असं केलं की सुई मिळेपर्यंत शिवायचं कापड फाटतं, असं त्यांचं म्हणणं.

आणि त्यांची ती चिठ्ठी. रेकॉर्ड रूममध्ये एक शिस्त होती. फाइल बाहेर काढली की तिच्या जागी लाकडी फळी उभी करायची आणि फळीवर लिहायचं, कुणी नेली, कधी नेली. काकांनी ती शिस्त कॉम्प्युटरवर आणली. एखादा कागद एका फोल्डरमधून दुसरीकडे हलवला तर जुन्या जागी एका ओळीची चिठ्ठी राहायचीच, 'अमुक इथे होतं, आता तमुक ठिकाणी आहे'. मला हे जरा अतीच वाटायचं. पण त्यांच्या घरी गेले तर टेबलावर वर्तमानपत्राच्या जागी चिठ्ठी, 'पेपर गच्चीवर. मी पण.'

"आवो, न्हाणीला जाताना बी चिठ्ठी ठेवत्यात," शालनकाकू आतून म्हणाल्या. "म्हटलं, हितं मी सोडून हाय कोण? मला दिसतंय की."

शालनकाकू म्हणजे काकांच्या पत्नी. शिक्रापूरकडच्या एका खेड्यातल्या, लग्न होऊन खडकीला आल्या त्याला चाळीसच्या वर वर्षं झालेली, पण बोली तसूभर हलली नव्हती. काका मात्र पुस्तकातल्यासारखं बोलायचे. एकाच घरात दोन भाषा, आणि दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नव्हतं. काकूंना चौथीपर्यंतचं वाचता यायचं. लिहायचा कंटाळा. पण कॉम्प्युटरवर आणि फोनवर बोलून शोधता येतं हे काकांनी त्यांना दाखवलं होतं, आणि त्या माइकचं चिन्ह दाबून अगदी अदबीनं बोलायच्या. "जरा लाइटचं बिल दाव बाबा." कागद आला की "आला बग शाणा," असं वर म्हणायच्या.

हे सगळं खेळ म्हणून चाललंय असं मला वाटत होतं. तसं नव्हतं. काकांच्या हृदयात दोन स्टेंट होते आणि डॉक्टरांनी पुढचं काही गोड बोलून सांगितलं नव्हतं. त्यांना एकच काळजी होती. आपण गेल्यावर शालनला कुठल्याही कागदासाठी कुणापुढे उभं राहायला लागता कामा नये. मुलीपुढे नाही, जावयापुढे नाही, कुठल्या खिडकीपुढे तर नाहीच. घरातला प्रत्येक कागद तिचा तिला, दोन मिनिटांत सापडला पाहिजे. त्यासाठी त्यांनी घरातले होते नव्हते तेवढे कागद स्कॅन केले होते, आणि रविवारी त्यांच्याकडे परीक्षा असायची. काकू परीक्षार्थी, मी पर्यवेक्षक. हातात घड्याळ.

"घराचा करारनामा," मी सांगितलं पहिल्या रविवारी.

काकू माइकपाशी तोंड नेऊन थबकल्या. "कुलकर्णीबाईचं घर दाव," त्या म्हणाल्या. काहीच आलं नाही. "कुलकर्णीबाईनी दिलेलं घर." काही नाही. दोन मिनिटं झाली. माझ्यातली मास्तरीण जागी झाली आणि मी म्हणाले, "काकू, करारनामा म्हणायचं, करारनामा."

काकांनी मला हातानं थांबवलं. "बाई, चूक तिची नाही. चूक नावाची आहे." आणि काकूंना विचारलं, "कुलकर्णीबाई कशा काय?"

"तर काय. त्येंनीच न्हाई का दिलं आपल्याला? किल्ली देताना माझ्या गळ्यात पडून रडल्या. तुळस बी ठेवून गेल्या. तुमी त्या येळी कागूद बगत हुता."

काकांनी खिशातून वही काढून लिहून घेतलं. संध्याकाळी त्या कागदाचं नाव झालं, 'कुलकर्णीबाईनी दिलेलं घर'. असं करत करत त्या कॉम्प्युटरवरची सगळी नावं बदलत गेली. 'मोठ्या दवाखान्यात दावायचा कागूद.' 'माधुरी झाली तवाचा दाखला.' 'शाळंजवळच्या बँकेचं.' काकू भाजी निवडताना, फोनवर बहिणीशी बोलताना कशाला काय म्हणतात ते काका कान देऊन ऐकायचे आणि वहीत टिपायचे. काकू वैतागायच्या. "चाळीस वरसात कदी ऐकलं न्हाई माझं, आता वहीत ल्हित्यात," त्या मला म्हणाल्या. पण रागावलेल्या दिसल्या नाहीत.

जावई वाघोलीला राहणारा, आयटीतला. स्वभावानं गरीब मुलगा. तो एकदा हे सगळं बघून हसला. "पप्पा, एवढं ऑर्गनाइझ कशाला करताय? सर्च आहे ना. काहीही टाका, मिळतं."

"सर्चला शब्द लागतो," काका म्हणाले. "कुणाचा?"

काकांना काय म्हणायचंय ते जावयाला समजलं नाही. खरं सांगायचं तर मलाही पुरतं समजलं नव्हतं. एकदा तर मी चिडलेच. काकूंना बरं नव्हतं, डोकं दुखत होतं, तरी काकांनी परीक्षा रद्द केली नाही. जिन्यापर्यंत सोडायला आले तेव्हा मी म्हणाले, "काका, आता पुरे करा. त्यांना छळताय तुम्ही."

काका कठड्याला धरून उभे राहिले. मग बोलले ते माझ्याकडे न बघता.

"नोकरीला लागून सहा-सात वर्षं झाली होती मला. एक बाई आली रेकॉर्ड रूमला. नवरा आमच्याकडेच मशीनवर होता, तडकाफडकी गेला. म्हणाली, त्यांचं ते निळं कार्ड द्या. मी म्हटलं, निळं कार्ड असं काही नसतं, कागदाचं नीट नाव घेऊन या. ती परत आली. परत तेच. मी परत पाठवली. तीन वेळा आली, बाई. उन्हातून. कडेवर पोर. मी बसलेलो होतो आणि ती उभी होती. चौथ्यांदा आली नाही."

"मग?"

"मग काय. दोनेक वर्षांनी कपाटं रंगवायला काढली. सगळे गठ्ठे उन्हात ठेवले होते. आणि मला दिसलं, कुटुंब नोंदपत्रक निळ्या पुठ्ठ्याचं असतं. रोज हाताळत होतो मी ते. नाव पाठ होतं, रंग कधी बघितला नव्हता. तिचं कार्ड घेऊन पत्त्यावर गेलो. खोली सोडून गेली होती. कुठे ते कुणाला माहीत नाही."

काकांनी खिशातली पेन्सिल काढली, बघितली, परत ठेवली. "त्या बाईला सगळं माहीत होतं," ते म्हणाले. "मलाच तिच्या शब्दात माहीत नव्हतं." त्या दिवसापासून मी रविवारी वेळेवर जायला लागले.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी काकूंनी वीस कागद काढून दाखवले. एकही चुकला नाही, एकालाही दोन मिनिटं लागली नाहीत. काकांनी आत जाऊन स्वतः चहा करून आणला. तो चहा फार वाईट होता. काकू पदराआड हसत होत्या आणि मला डोळ्यानं खुणावत होत्या की पिऊन टाका. मला वाटलं, सुटले काका. आता जे व्हायचं ते होवो, या माणसाला काळजी राहिली नाही.

झालं उलटंच. माघातली दुपार होती. काकू जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. समोरच्या बिल्डिंगमधले डॉक्टर धावत आले, त्यांनी बघितलं आणि मान हलवली. मी शाळेतून नुकतीच आले होते. त्यांची मुलगी माधुरी वाघोलीहून निघाली होती. घरात मी, काका, डॉक्टर आणि दारात सोसायटीतली चार माणसं.

काका पलंगाशी दोन मिनिटं बसले. मग उठून कॉम्प्युटरपाशी गेले.

"तिनं डोळे द्यायचे ठरवले होते," ते म्हणाले. "वेळ फार नसतो. फॉर्म आहे, त्यावर नंबर आहे."

त्यांनी टाइप केलं, 'नेत्रदान'. काही नाही. 'नेत्रपेढी'. काही नाही. दवाखान्याच्या कागदांत बघितलं, तिथेही नाही. ज्या माणसानं चाळीस वर्षं लोकांना कागद काढून दिले, त्याला स्वतःच्या घरातला एक कागद सापडत नव्हता. त्या कॉम्प्युटरवर त्यांचा स्वतःचा असा एक शब्द शिल्लक राहिला नव्हता. मला बघवेना. मी म्हणाले, "काका, मी फोनवर नंबर शोधते, कुठल्याही नेत्रपेढीचा मिळेल."

"थांबा," ते म्हणाले. "तिनं ठेवलेला आहे."

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. काकू काय म्हणाल्या असत्या, ते मनात लावून बघत असावेत. मग त्यांनी माइकचं चिन्ह दाबलं आणि तोंड पुढे नेऊन, घोगऱ्या आवाजात, एकेक शब्द तोडत म्हणाले, "लोकास्नी... द्यायचं... दाव."

फोल्डर उघडला. त्यात काकूंनी शेजारच्यांकडून आणलेल्या डब्यांचे फोटो होते, कुणाचा कुठला ते कळावं म्हणून. मंडळाच्या मोठ्या पातेल्याचा फोटो होता. माझी इस्त्री होती, जी मी विसरूनही गेले होते. आणि त्या सगळ्यांच्या मध्ये तो फॉर्म, खाली काकूंची वाकडी सही.

"मी म्हटलं होतं हे वैद्यकीयमध्ये ठेवू," काका म्हणाले. "तर म्हणाली, मी गेल्यावर मला काय करायचंय दवाखाना. ते लोकास्नी द्यायचंय, तितंच ठेवा." आणि मग ते रडले. मी त्यांना इतके दिवस ओळखत होते, पण तोवर कधी त्यांचा आवाजसुद्धा चढलेला ऐकला नव्हता. मीही रडले. मग मीच फोन लावला. पलीकडच्या माणसानं सांगितलं तसा पंखा बंद केला, ओला कापूस काकूंच्या पापण्यांवर ठेवला. तासाभरात ते लोक आले आणि काम करून गेले.

पुढे माधुरीनं काकांना वाघोलीला नेलं. निघण्याआधी घरातलं एकेक आवरताना मी बरोबर होते. गॅसची टाकी आणि रेग्युलेटर परत करायला आम्ही दोघं गेलो होतो, कनेक्शन बंद करून आलो. जावयानं सगळे कागद सासऱ्यांच्या फोनवर घालून दिले. त्यानंच मला नंतर सांगितलं, की नावं नीट करून देतो म्हटलं तर पप्पा माझ्यावर पहिल्यांदाच ओरडले. बिचाऱ्याचा चेहरा अजून उतरलेला होता.

मी शेवटची त्यांना भेटले ती वाघोलीलाच, शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती तेव्हा. बारावा मजला, खाली नगर रस्त्याची वाहनं, गॅलरीत दोन कुंड्या. काका वाळले होते. शर्ट तोच, खिशात पेनं तीच. माझ्या फोनची तपासणी करून झाली, एक चूक सापडली, त्याबद्दल मी बोलणी खाल्ली.

"बाई, एक गंमत आहे," ते म्हणाले. "तिला कुणाला काही विचारायला लागू नये म्हणून एवढा खटाटोप केला. आता रोज मीच तिला विचारतो."

मी उठले. ते दारापर्यंत येणार होते, मी नको म्हटलं. चपला घालताना मला आतून त्यांचा आवाज आला, म्हणून मी वाकूनच मागे बघितलं. काका गॅलरीतल्या खुर्चीत, माझ्याकडे पाठ करून बसले होते. फोन तोंडापाशी धरलेला.

"गॅसचं पुस्तक कुटं हाय गं?"

ते पुस्तक आता कुणालाच लागणार नव्हतं. फोननं क्षणभर वेळ घेतला, कागद उघडला. काकांनी तो थोडा वेळ बघितला आणि मान हलवली. मग फोन मांडीवर ठेवला, आणि काही वेळानं परत उचलून तोंडापाशी नेला.

मी दार आवाज न करता ओढून घेतलं.